लझान्या : माहेरचे नाव आणि सासरचे नाव

पदार्थाची चव जिभेला चटकन कळते. पण त्याच्या नावाची गोडी घ्यायची तर मागे, पुष्कळ मागे जावे लागते. आपल्या भगिनींच्या स्वयंपाकघरांतून हल्ली इटालियन पदार्थही होऊ लागले आहेत. त्यांतलाच एक लझान्या. कणकेच्या रुंद, पातळ पट्ट्या पाण्यात उकडून घ्यायच्या, एकीवर एक रचायच्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये सारण, दुधातले पांढरे दाट कालवण आणि किसलेले चीज पसरायचे, आणि मग सगळे थर एकत्र भाजून काढायचे, असा हा पदार्थ. सात कापांचे घावन ज्यांच्या घरी होते त्या मालवणकडच्या भगिनींना थरांचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते या पदार्थाच्या नावात.

कारण असे की, पदार्थाचे कूळ एक आणि नावाचे कूळ दुसरे, असा हा प्रकार आहे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहीत, आणि त्या दिवसापासून माहेरची कोणी इंदू सासरी वेगळ्याच नावाने ओळखली जाई. पुढे कागदोपत्री नवेच नाव राही. जुने नाव फक्त माहेरच्या ओटीवर ऐकू येई. या इटालियन पोळीचेही नेमके तसेच झालेले दिसते. तिचे माहेरचे नाव शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्याकरणाचा एक मुद्दा. इटालियन भाषेत ‘लझान्या’ हे एकवचन आहे आणि त्याचा अर्थ एक पट्टी, एक पोळी एवढाच. अनेक पट्ट्या म्हणजे ‘लझान्ये’. शेवई आणि शेवया यांत जो फरक तोच येथे. म्हणून इटलीत पदार्थाचा उल्लेख बहुधा अनेकवचनी होतो. इंग्लंडात अनेकवचन रूढ झाले, अमेरिकेत एकवचन; त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतून दोन्ही रूपे भेटतात. तात्पर्य, हे नाव मुळात थरांचे नाही, सारणाचेही नाही. ते लाटलेल्या पोळीचे आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की पोळीला हे नाव मिळाले कोठून?

शब्दकोशकारांचे पारडे ज्या उत्तराकडे झुकते ते ऐकून प्रथम हसूच येईल. प्राचीन ग्रीक भाषेत ‘लासाना’ असा एक शब्द होता. विस्तवावर भांडे ठेवण्यासाठी जे आधार लागत त्यांना हा शब्द लावीत. आपल्या भाषेत सांगायचे तर अडणी. सॅरा मॉरिस या विदुषींनी १९८५ साली या ग्रीक आधारांवर एक निबंध लिहून, उत्खननांत सापडणाऱ्या मातीच्या अशा वस्तूंची सांगड या शब्दाशी घातली. तीन दगडांची चूल ज्यांनी पाहिली आहे त्यांना अशा आधारांचे काम निराळे समजावून सांगायला नको. पण ग्रीकांनी याच शब्दाचा उपयोग दुसऱ्याही एका वस्तूसाठी केला. आजारपणात किंवा रात्री-अपरात्री घरातल्या घरात वापरायच्या शौचपात्रालाही ते ‘लासाना’च म्हणत. रोमन लोकांनी हा शब्द उचलला तो ‘लासानुम’ या रूपाने. आणि त्यांच्या ग्रंथांतून तो मुख्यतः या दुसऱ्या अर्थानेच येतो.

याविषयी प्लुटार्कने सांगितलेली एक गोष्ट फार मार्मिक आहे. सिकंदराच्या मागून जे सरदार राजे होऊन बसले त्यांत अँटिगोनस नावाचा एकाक्ष राजा होता. एका भाट कवीने आपल्या कवनात त्याला सूर्यपुत्र आणि देव म्हणून आळविले. राजा शहाणा होता. तो म्हणाला, की माझे ‘लासाना’ उचलून नेणाऱ्या चाकराला काही माझ्या देवपणाची खबर नाही! राजाच्या अहंकाराला आवर घालणारी ही वस्तू पुढे मेजवानीच्या पदार्थाला आपले नाव देईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. ग्रीकांत ‘लागानोन’ नावाची पातळ पोळी होती. रोमन लोक तिला ‘लागानुम’ आणि अनेक पोळ्यांना ‘लागाना’ म्हणत. हा शब्द कानावर पडताच कोणी आपल्या ‘लग्ना’शी त्याचे नाते जोडू पाहील, पण तसे काही नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळविणे भाषेच्या बाबतीत फार धोक्याचे असते. असो. ही लागाना पीठ-पाण्याची, लाटून पातळ केलेली असे आणि तेलात तळीत किंवा भाजीत. ‘आपिकियुस’ या नावाने जे रोमन पाकशास्त्र प्रसिद्ध आहे आणि ज्याचे संकलन इ. स. च्या चौथ्या-पाचव्या शतकातले मानतात, त्यात एका श्रीमंती पदार्थाची कृती आहे. मांस, मासे, पाखरे यांचे सारण करून भांड्यात सारणाचा एक थर, त्यावर लागानाचा एक थर, पुन्हा सारण, पुन्हा लागाना, अशी रचना करायला त्यात सांगितले आहे. आजच्या लझान्याची आजी ती हीच, असे म्हणायला हरकत नाही.

सातव्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये सेव्हिलचा बिशप इसिदोर याने सर्व विषयांचा एक मोठा कोश रचला. त्यात तो या पोळीची व्याख्या देतो : रुंद आणि पातळ, प्रथम पाण्यात उकडलेली आणि मग तेलात तळलेली. भगिनींनी येथे क्षणभर थांबावे. भाजलेल्या पोळीची उकडलेली पोळी झाली ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. पीठ मळून, लाटून, कापून, पाण्यात शिजवणे यातच पुढच्या साऱ्या इटालियन पास्त्याचे बीज आहे.

म्हणजे रोमन काळात दोन निराळे शब्द होते. ‘लासानुम’ हे एक भांडे आणि ‘लागानुम’ ही एक पोळी. योगायोग असा की, हे दोन्ही शब्द एकाच कवितेत, अवघ्या सहा-सात ओळींच्या अंतरावर आलेले आहेत. कवी आहे होरेस, आणि कविता इ. स. पूर्व ३५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उपहासकाव्याच्या पहिल्या पुस्तकातली सहावी.

होरेसचा बाप एके काळी गुलाम होता. स्वतः कवीला मात्र रोममधल्या मोठमोठ्या लोकांचा स्नेह लाभला. आपल्याला बड्या घराण्याचे आणि अधिकाराचे ओझे नको, साधे आयुष्य हवे, असे तो या कवितेत सांगतो. एक बडा अधिकारी तिबूरच्या रस्त्याने निघाला की त्याच्यामागे पाच चाकर त्याचे ‘लासानुम’ आणि दारूचे भांडे घेऊन चालतात, आणि लोक त्याला हसतात. आपण मात्र एकटेच बाजारात हिंडावे, भाजीचा नि धान्याचा भाव विचारावा, आणि संध्याकाळी घरी जाऊन पात, हरभरे आणि ‘लागाना’ यांचे ताट पुढे ओढावे, यातच सुख आहे, असे तो म्हणतो. पाहा बरे! मिरवायचे भांडे ते लासानुम आणि समाधानाने खायची पोळी ती लागानुम. पुढे काळाने असा खेळ केला की, पोळी टिकली पण तिच्यावर नाव चढले ते भांड्याचे.

हे नाव कसे चढले असावे? भांड्याचे नाव आतल्या पदार्थाला लागणे ही सर्व भाषांत घडणारी गोष्ट आहे. आपण खाणावळीत ‘थाळी’ मागवतो, ती काही धातूची थाळी चघळण्यासाठी नव्हे. ‘हंडी’ हे मातीच्या भांड्याचे नाव, पण आता तो पदार्थांचाच एक प्रकार झाला आहे. केळीच्या पानावर थापून भाजतात म्हणून ‘पानगी’. ग्रीक ‘लासाना’ हा मुळात चुलीजवळचाच शब्द होता, आणि दक्षिण इटलीत तर ग्रीक बोलणाऱ्यांची वस्ती शतकानुशतके होती. तेथील काही खेड्यांतून ती बोली अजून ऐकू येते. तेव्हा पंडितांनी त्याला शौचपात्राचा अर्थ दिला तरी स्वयंपाकघरात तो शिजवायच्या भांड्यासाठी चालू राहिला असावा, आणि त्या भांड्यात शिजणाऱ्या पोळीला ‘लासानिया’, म्हणजे लासानातली, असे म्हणू लागले असावेत, असा हा तर्क आहे.

या तर्काला मोठा आधार आहे तो उच्चाराच्या नियमांचा. लॅटिन शब्दांतला शेवटचा ‘निया’ इटालियनमध्ये ‘न्या’ होतो. ‘हिस्पानिया’ म्हणजे स्पेन देश. त्याचे इटालियन नाव ‘स्पान्या’. ‘बोनोनिया’ नगरीचे आजचे नाव ‘बोलोन्या’. त्याच रीतीने ‘लासानिया’चे ‘लझान्या’ होणे सरळ आहे. उलट ‘लागानुम’मधल्या ‘ग’चा ‘स’ किंवा ‘झ’ होणे इटालियन उच्चारांच्या चालीत बसत नाही. त्यामुळे लागानुम हीच लझान्याची जननी असे म्हणणारे विद्वान असले, तरी पदार्थापुरते त्यांचे म्हणणे पटते, नावापुरते पटत नाही.

आता हे नवे नाव प्रथम कागदावर कोठे दिसते तेही पाहू. कारण ती हकीकत महिला मंडळात सांगावी अशीच आहे. बोलोन्या शहरात तेराव्या शतकात व्यवहारांची कागदपत्रे सरकारी चोपड्यांत उतरवून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. चोपडीत मजकुरामध्ये कोरी जागा राहिली तर मागाहून कोणी लबाडीने काही घुसडील, या भीतीने लेखनिक त्या जागेत कविता, गाणी असे काहीबाही लिहून जागा भरून टाकीत. १२८२ सालच्या अशाच एका चोपडीत एक लोकगीत उतरवलेले सापडले. त्यात दोन सखी बायका आहेत. दोघी मिळून मनसोक्त दारू पितात, सणाला जातात आणि तेथे ‘लझान्यां’वर यथेच्छ ताव मारतात! आपल्या रीतीला हे गाणे थोडे उच्छृंखल वाटेल. पण गंमत पाहा, पंडितांच्या ग्रंथात नव्हे, राजाच्या दप्तरात नव्हे, तर दोन बायकांच्या चेष्टेच्या गाण्यात हा शब्द जपला गेला. आणि तोही एका कारकुनाला रिकामी जागा भरायची होती म्हणून.

त्याच सुमारास, त्याच प्रदेशात, पार्मा गावचा सालिंबेने नावाचा एक साधू आपली बखर लिहीत होता. ओळखीच्या एका साधूविषयी तो लिहितो, की चीज घातलेल्या या पोळ्या इतक्या आवडीने खाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पण तो लॅटिनमध्ये लिहीत होता, म्हणून त्याने शब्द वापरला तो ‘लागाना’. पदार्थ एकच, काळ एकच, मुलूख एकच. पंडिताच्या लेखणीत माहेरचे नाव आणि बायकांच्या गाण्यात सासरचे! दोन्ही नावे एकमेकींशेजारी उभी असल्याचा याहून चांगला दाखला शोधून मिळणार नाही.

यानंतर थोड्याच वर्षांनी, १३०० च्या आगेमागे, नेपल्सच्या राजदरबाराशी ज्याचा संबंध जोडतात तो एक लॅटिन पाकग्रंथ तयार झाला. त्यात या पदार्थाची कृती आहे, आणि शब्द लिहिला आहे तो ‘लासाना’ला जवळचा. आंबवलेले पीठ घ्यावे, शक्य तेवढे पातळ लाटावे, तीन-तीन बोटांचे चौकोन कापावेत, मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवावेत, आणि वाढताना किसलेले चीज आणि हवी असल्यास मसाल्याची पूड थराथराने घालावी. खाण्यासाठी टोकदार लाकडी काडी घ्यावी, असेही त्यात सांगितले आहे. गरम, निसरड्या पोळीने बोटे पोळतात, म्हणून ही सोय. युरोपातल्या जेवणात काट्याचा शिरकाव होण्यास असे निसरडे पदार्थ कारणीभूत झाले, असे इतिहासकार मानतात.

या कृतीत टोमॅटो नाही, हे सुज्ञ भगिनींच्या ध्यानी आलेच असेल. तो असणार कोठून? टोमॅटो अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी युरोपला त्याची ओळखच नव्हती. टोमॅटोच्या चटणीची कृती नेपल्समध्ये छापली गेली ती १६९२ च्या सुमारास, आणि पास्त्यावर टोमॅटो पडायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. आज बोलोन्यात पालक घालून हिरव्या केलेल्या पोळ्या, खिम्याचा रस्सा आणि पांढरे कालवण यांचे थर करतात. नेपल्सकडे ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या आधी कार्निव्हलचा सण येतो, तेव्हा रिकोटा नावाचे ताजे चीज, कोफ्ते आणि टोमॅटोचा रस्सा घालून भरगच्च लझान्या होते. नाव तेच, पण सातशे वर्षांत आतले सारे बदलले.

आणखीही एक मत आहे, त्याची नोंद केली पाहिजे. अरब जगात ‘लौझीनज’ नावाचे पक्वान्न होते. ‘लौझ’ म्हणजे बदाम. बदामाचे सारण कागदासारख्या पातळ पारीत गुंडाळून ते करीत. १२२६ सालच्या बगदादच्या पाकग्रंथात त्याची कृती आहे. फ्रेंच पंडित माक्सीम रोदँसाँ यांनी १९५६ साली या शब्दाचा संबंध तिरप्या चौकोनाला, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराला असलेल्या युरोपीय नावाशी लावून दाखवला. इंग्रजीत त्या आकाराला ‘लॉझेंज’ म्हणतात. हैदराबादेकडे बदामाच्या वड्यांना ‘लौज’ म्हणतात, हे मराठवाड्यातल्या भगिनींना ठाऊक असेल. तो याच घराण्यातला शब्द. १३९० च्या सुमारास इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ‘लोसेन्स’ नावाचा उकडलेल्या पोळ्या आणि चीज यांच्या थरांचा पदार्थ आहे. त्यावरून २००३ साली इंग्लंडातल्या काही हौशी मंडळींनी लझान्या मूळची आमचीच, असा डंका पिटला, आणि इटलीकडून तो अर्थातच नाकारला गेला. पण नेपल्सचा ग्रंथ इंग्रजी ग्रंथाहून जुना आणि बोलोन्याचे गाणे त्याहूनही जुने, तेव्हा इंग्लंडचा दावा तारखांपुढे टिकत नाही. आकाराच्या नावात अरबी नाते असू शकेल. पोळीचे नाव मात्र चुलीजवळचे, घरचेच दिसते.

शंकरपाळ्याचा उल्लेख आलाच आहे, म्हणून सांगते. आपल्या या पदार्थाच्या नावाचा शंकराशी काही संबंध नाही. फारसी ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा, त्याचे आपल्या तोंडी झालेले हे रूप; आणि त्यातला ‘शकर’ हा आपल्या संस्कृत ‘शर्करे’चाच भाईबंद. शब्द असेच गाव फिरून येतात आणि घरच्यांनाही ओळखू येत नाहीत.

तर मग माहेरचे नाव पुसले गेले काय? नाही, आणि हीच या हकीकतीतली समाधानाची गोष्ट आहे. होरेसचा जन्म दक्षिण इटलीतल्या वेनोसा गावचा. त्या बाझिलिकाता प्रांतात आणि शेजारच्या कालाब्रिया, पुलिया या प्रांतांत आजही ‘लागाने ए चेची’ नावाचा पदार्थ करतात. पाणी-पिठाच्या रुंद पट्ट्या कापून त्या हरभऱ्यांबरोबर शिजवायच्या. आपली वरणफळे, किंवा काही ठिकाणी ज्यांना चकोल्या म्हणतात, त्यांचीच ही दूरदेशची बहीण म्हणा ना. दोन हजार वर्षांपूर्वी कवीने बाजारातून घरी परतून ज्या ताटाची गोडी वर्णिली, त्यातली पोळी आणि तेच हरभरे, त्याच जुन्या नावाने! नेपल्सच्या बोलीत तर लाटण्यालाच ‘लागानातुरो’ म्हणतात; लागाना लाटायचे साधन ते लागानातुरो. आणि ग्रीसमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या पहिल्या सोमवारी जी चपटी भाकरी करतात तिला आजही ‘लागाना’ हेच नाव आहे.

ही नावे कोणी टिकवली? ज्यांची नावे कोणत्याच चोपडीत नाहीत, अशा बायकांनी. राजदरबारचे ग्रंथ, शहरांची खाद्यगृहे आणि परदेशचा व्यापार यांनी ‘लझान्या’ हे नाव जगभर नेले. ‘लागाना’ मात्र गरिबांच्या चुलीपाशी राहिली. आणि तेथे ती जगली ती रोज लाटणे हाती धरणाऱ्या बायकांच्या तोंडी. वस्तू हातात राहिली म्हणून शब्द ओठांवर राहिला. वस्तू गेली की शब्दही जातो.

आपल्या घरांकडे पाहिले तर हे फार लवकर पटेल. गॅसची शेगडी आली आणि अडणी गेली. काथवट, रोवळी, उखळ, घडवंची, वैल हे शब्द आपल्या आज्यांच्या रोजच्या बोलण्यातले. आपल्या नातींना ते कोशात शोधावे लागतील, आणि कोशात तरी सगळे कोठे आहेत? एकाच पदार्थाला देशावर एक नाव, कोकणात दुसरे, वऱ्हाडात तिसरे. ते तिसरे नाव एखाद्याच घरात, एखाद्याच वृद्धेला आठवत असेल.

बोलोन्याच्या त्या कारकुनाने जागा रिकामी राहू नये म्हणून दोन बायकांचे गाणे लिहून ठेवले, आणि एका शब्दाचा इतिहास वाचला. त्याने ते जाणूनबुजून केले नव्हते. आपण जाणूनबुजून करू शकतो. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या भगिनीला जुना पदार्थ, जुने भांडे, जुने नाव आठवेल तिने ते, आपल्या गावाच्या नावासह, दोन ओळींत तीत लिहावे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. आईच्या हातचे काय खाल्ले आणि ती त्याला काय म्हणत असे, एवढे आठवले की पुरे.